रुग्णालयाची कार्यक्षमता आणि गावाचे आरोग्यशिक्षण

कृष्णा आणि कोयना यांच्या प्रीतिसंगमावर वसलेले कराड हे सातारा जिल्ह्याच्या दक्षिण भागातील व्यापाराचे, शिक्षणाचे आणि सहकाराचे केंद्र म्हणून सर्वपरिचित आहे. गेल्या चार दशकांत ते वैद्यकीय उपचारांचेही मोठे केंद्र बनले आहे. शहरातील वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय हे शासनाचे रुग्णालय आणि जयवंतराव भोसले यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात उभे राहिलेले कृष्णा रुग्णालय व त्याला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय, ही या केंद्राची दोन ठळक स्थाने होत. पाटण तालुक्यातील डोंगरकपारीच्या वाड्यांपासून सांगली जिल्ह्यातील वाळवा, शिराळा आणि कडेगाव तालुक्यांच्या गावांपर्यंतचे रुग्ण कराडकडे धाव घेतात. पुणे-बंगळूर महामार्ग शहराला लागूनच जात असल्याने अपघातग्रस्तांची त्यात नित्य भर पडते.

अशा रुग्णालयांत गर्दी असणे स्वाभाविक आहे. ही गर्दी पाहिली की खाटा वाढवाव्यात, डॉक्टर वाढवावेत, नवी यंत्रे आणावीत, अशी मागणी होते. ही मागणी रास्त आहे आणि तिची पूर्तता झालीच पाहिजे. तथापि, रुग्णालयाची कार्यक्षमता केवळ त्याच्या चार भिंतींच्या आत ठरत नाही. रुग्ण कोणत्या अवस्थेत आणि किती उशिरा आला, त्याच्याजवळ पूर्वीच्या उपचारांचे कागद होते की नाही आणि घरी परतल्यावर त्याची काळजी कोणी घेतली, यांवर ती फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. या साऱ्या गोष्टी घडतात त्या गावात. म्हणून रुग्णालयाची सुधारणा आणि गावाचे आरोग्यशिक्षण ही दोन वेगळी कामे नसून एकाच कामाची दोन टोके आहेत, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

खाटांचा हिशेब

रुग्णालयाची कार्यक्षमता मोजण्याच्या काही सोप्या कसोट्या आहेत. किती खाटा भरलेल्या राहतात, एक रुग्ण सरासरी किती दिवस खाटेवर असतो, बाह्यरुग्ण विभागात किती वेळ थांबावे लागते, तपासणीचा अहवाल किती तासांत हाती येतो, आवश्यक औषधांचा साठा वर्षातून किती दिवस संपलेला असतो, या त्यांपैकी प्रमुख होत.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या रुग्णालयात १०० खाटा आहेत आणि त्यांपैकी ८० खाटा नेहमी भरलेल्या असतात. तीस दिवसांच्या महिन्यात असे २,४०० खाटा-दिवस उपयोगात येतात. प्रत्येक रुग्ण सरासरी पाच दिवस राहत असेल, तर महिन्याकाठी ४८० रुग्णांवर उपचार होतील. हाच मुक्काम सरासरी चार दिवसांवर आला, तर तेवढ्याच खाटांवर ६०० रुग्णांची सोय होईल. म्हणजे एकही नवी खाट न घेता १२० रुग्णांना जागा मिळेल.

मात्र हा एक दिवस रुग्णाला घाईने घरी पाठवून वाचवावयाचा नाही. तो दोन मार्गांनी वाचतो. पहिला मार्ग रुग्णालयाच्या हातातील आहे. तपासण्या दाखल होण्याच्या दिवशीच करणे, शस्त्रक्रियागृहाचे वेळापत्रक पाळणे, बंद पडलेले यंत्र तत्काळ दुरुस्त करून घेणे आणि घरी सोडण्याचे कागद सकाळीच तयार ठेवणे, ही कामे त्यात येतात. दुसरा मार्ग गावाच्या हातातील आहे. रुग्ण वेळेवर आला, तर आजार बळावलेला नसतो व मुक्काम आपोआप कमी होतो. गावात जखमेची मलमपट्टी करणारी आरोग्यसेविका असेल, तर केवळ मलमपट्टीसाठी रुग्णाला खाट अडवून ठेवावी लागत नाही.

रांगेत कोण उभे आहे?

बाह्यरुग्ण विभागाचा हिशेबही असाच आहे. एका डॉक्टरकडे चार तासांत १२० रुग्ण आले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटे येतात. दोन मिनिटांत नाव विचारणे, तक्रार ऐकणे, तपासणे आणि औषध लिहिणे उरकावे लागते. औषध कसे घ्यावे, पथ्य कोणते पाळावे, पुन्हा केव्हा यावे, हे सांगण्यास वेळ उरत नाही. हा डॉक्टरांचा दोष नव्हे, तो अंकगणिताचा परिणाम आहे.

आता या १२० जणांत कोण असतात ते पाहावे. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या नेण्यासाठी आलेले वृद्ध, सर्दी-खोकल्याची मुले, जखम स्वच्छ करून घेण्यासाठी आलेले शेतमजूर, यांची संख्या त्यात लक्षणीय असते. समजा, यांपैकी ४० जणांची सोय त्यांच्याच गावातील उपकेंद्रात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. मग उरलेल्या ८० जणांना प्रत्येकी तीन मिनिटे मिळतील. शिवाय त्या ४० जणांचा एसटीचा खर्च आणि एका दिवसाची मजुरी वाचेल.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रातील सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आहेत. गोरगरिबांच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा आहे. परंतु निःशुल्क सेवेचा लाभ ज्याला खरोखर मोठ्या रुग्णालयाची निकड आहे, त्याला वेळेवर मिळावयाचा असेल, तर लहान आजारांची व्यवस्था खालच्या पातळीवर भक्कम होणे आता अधिकच गरजेचे झाले आहे.

सर्पदंश : काही तासांचा प्रश्न

आरोग्यशिक्षणाचा रुग्णालयाच्या कामाशी किती निकटचा संबंध आहे, हे सर्पदंशाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. कृष्णाकाठ हा उसाचा पट्टा आहे. उसात उंदीर असतात आणि उंदरांमागे साप येतात. भारतातील सर्पदंशाच्या मृत्यूंचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दर्शवितो की, २००० ते २०१९ या काळात देशात दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० माणसे सर्पदंशाने दगावली. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होती. केंद्र शासनाने २०२४ मध्ये यासंबंधी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेविले आहे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप होत. या चौघांच्याही विषावर चालणारे प्रतिविष एकच आहे आणि ते शासकीय रुग्णालयांत उपलब्ध करून दिले जाते. घोणस चावल्यावर रक्त गोठण्याची क्रिया बिघडते व मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. रुग्ण लवकर आला आणि प्रतिविष वेळेवर मिळाले, तर तो बहुधा थोड्या दिवसांत चालत घरी जातो. तोच रुग्ण मांत्रिकाकडे रात्र घालवून सकाळी आला, तर त्याला अतिदक्षता विभाग, रक्त आणि डायलिसिस यांची गरज भासू शकते. त्याचा मुक्काम कित्येक आठवड्यांवर जातो आणि एवढे करूनही प्राण वाचतीलच असे सांगता येत नाही. एका कुटुंबाचा कर्ता माणूस आणि रुग्णालयाची एक महत्त्वाची खाट, या दोहोंचे भवितव्य त्या पहिल्या काही तासांत ठरते.

त्या तासांत काय करावे, हे प्रत्येक गावाला ठाऊक असले पाहिजे. रुग्णाला धीर द्यावा. चावलेला हात किंवा पाय फळीला हलकेच बांधून हलू देऊ नये. आवळून दोरी बांधू नये, जखम कापू नये, विष तोंडाने ओढू नये. साप पकडण्यात वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात स्वच्छ कोरड्या काचनळीत थोडे रक्त वीस मिनिटे स्थिर ठेवून ते गोठते की नाही, हे पाहता येते. या साध्या चाचणीला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही.

मण्यारीचा दंश पुष्कळदा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो आणि त्याच्या वेदना फारशा जाणवत नाहीत. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून या भागात येणारे कामगार कोपीत जमिनीवरच झोपतात. खाट वापरा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, हा सल्ला त्यांना नुसता देऊन भागणार नाही. साखर कारखाने, मुकादम आणि ग्रामपंचायती यांनी खाटा, मच्छरदाण्या व विजेचा दिवा यांची सोय लावून दिली, तरच तो सल्ला अमलात येईल. शिराळ्याची नागपंचमी दूरवर प्रसिद्ध आहे. सापाविषयी असलेल्या या पूज्यभावाला शास्त्रीय माहितीची जोड मिळाली, तर साप आणि माणूस दोघांचेही रक्षण होईल.

जुने प्रयोग, टिकाऊ धडे

रुग्णालयाने आपले लक्ष गावाकडे वळवावे, हा विचार या परिसराला नवा नाही. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन रुग्णालयाची कीर्ती दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकात पसरली होती. शस्त्रक्रियांसाठी नावाजलेल्या या संस्थेनेही १९७० च्या दशकात भोवतालच्या गावांसाठी एकात्मिक आरोग्यसेवेचा प्रकल्प हाती घेतला. रुग्णालय कितीही उत्तम असले, तरी त्याच्या दारापर्यंत न पोहोचणाऱ्यांची संख्या मोठी असते, ही जाणीव त्यामागे होती.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. गावाने निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या स्त्रियांनी बाळंतपण, बालकांचा आहार, स्वच्छ पाणी आणि कुष्ठरोगाविषयीचे गैरसमज यांबाबत घरोघरी काम केले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी ३९ गावांत हे काम केले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात बालमृत्यूचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. जे अर्भक घरीच सुखरूप राहते, त्याला रुग्णालयाच्या काचपेटीची गरज पडत नाही.

याच दिशेने जगात इतरत्र झालेल्या प्रयत्नांपैकी इंडोनेशियाचे उदाहरण आपल्याला जवळचे वाटावे असे आहे. हजारो बेटांवर विखुरलेल्या या देशाने १९६८ पासून 'पुस्केस्मास' नावाची आरोग्य केंद्रे उभारली. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांशी त्यांचे साम्य आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यास त्यांना 'पोसयांदू' या गावपातळीवरील मासिक सेवाकेंद्राची जोड मिळाली. गावातीलच स्वयंसेविका ते चालवितात आणि आरोग्य केंद्राचे कर्मचारी साहाय्यास येतात. त्याची रचना पाच मेजांची असते. पहिल्यावर नाव नोंदवावयाचे, दुसऱ्यावर बालकाचे वजन करावयाचे, तिसऱ्यावर ते पत्रिकेत नोंदवावयाचे, चौथ्यावर आईशी त्या नोंदीविषयी बोलावयाचे आणि पाचव्यावर लसीकरणादी सेवा द्यावयाच्या. चौथे मेज हे या व्यवस्थेचे मर्म होय. वजन केले आणि आईला काहीच सांगितले नाही, तर ते वजन वहीतच राहते. १ जानेवारी २०१४ पासून त्या देशात राष्ट्रीय आरोग्य विमा सुरू झाला, तेव्हा तातडीचे प्रसंग सोडून रुग्णाने प्रथम प्राथमिक केंद्रात जावे आणि तेथून चिठ्ठी घेऊन रुग्णालयात यावे, असा नियम करण्यात आला.

आपल्याकडेही अंगणवाडीत दरमहा ग्राम आरोग्य व पोषण दिन घेण्यात येतो. त्या दिवशी लसीकरण होते, वजने होतात. परंतु ते चौथे मेज, म्हणजे आईशी सावकाश बोलण्याची जागा, आपल्या गावात खरोखर मांडलेली असते काय, हे प्रत्येक सदस्याने स्वतः जाऊन पाहण्याजोगे आहे.

दोन व्यवस्था आणि एक चिठ्ठी

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत असून जिल्हा आरोग्य अधिकारी त्यांचे प्रमुख असतात. ग्रामीण रुग्णालये आणि उपजिल्हा रुग्णालये मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या देखरेखीखाली येतात. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर अनुक्रमे ५,००० आणि ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा सर्वसाधारण निकष आहे. कागदावर ही शिडी सलग दिसते. रुग्णाला मात्र ती दोन वेगळ्या शिड्यांसारखी भासते, कारण एका व्यवस्थेने पाठविलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे दुसऱ्या व्यवस्थेला पुष्कळदा कळतच नाही.

हा दुवा सांधण्याचे साधन अगदी साधे आहे. ते म्हणजे संदर्भ चिठ्ठी. पाठविणाऱ्याने रुग्णाचा आजार, दिलेली औषधे आणि पाठविण्याचे कारण तीत लिहावे. त्याचप्रमाणे रुग्णालयाने रुग्णास घरी सोडताना परतीची चिठ्ठी द्यावी. कोणती औषधे किती दिवस घ्यावयाची, टाके केव्हा काढावयाचे, कोणती लक्षणे दिसताच परत यावयाचे, हे मराठीत, सुवाच्य अक्षरात लिहिलेले असावे. ही चिठ्ठी आशा स्वयंसेविकेने पाहिली, तर रुग्णाचा उपचार गावात अखंड चालू राहतो. स्थलांतर करणाऱ्या गरोदर स्त्रीच्या बाबतीत माता व बाल संरक्षण कार्ड हेच काम करते. ते कार्ड जवळ असेल, तर तिच्या रक्तातील हिमोग्लोबिन, रक्तगट आणि झालेल्या तपासण्या अनोळखी गावातील डॉक्टरांनाही क्षणात कळतात.

लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि अधिकारी

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेस जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि दवाखाने यांसह आरोग्य व स्वच्छता हा विषय समाविष्ट आहे. १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने सुमारे हजार लोकसंख्येमागे एक आशा स्वयंसेविका दिली, तसेच गावासाठी आरोग्य व स्वच्छतेची समिती आणि रुग्णालयांसाठी रुग्ण कल्याण समिती यांची तरतूद केली. म्हणजे अधिकार आहेत आणि समित्याही आहेत. त्यांचा वापर करणे आवश्यक आहे.

रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत रंगरंगोटी आणि खरेदीपुरतीच चर्चा न होता चार प्रश्न नियमाने विचारले जावेत. गेल्या महिन्यात कोणती आवश्यक औषधे संपली होती? कोणते यंत्र बंद होते आणि किती दिवस? रुग्णास सरासरी किती वेळ थांबावे लागले? वरच्या रुग्णालयात पाठविलेल्या रुग्णांपैकी किती जणांची माहिती परत आली? ग्रामपंचायतीने गावातील समितीमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्राची वेळ, रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि प्रतिविष मिळण्याचे सर्वांत जवळचे ठिकाण ठळक अक्षरात फलकावर लावावे. पाटण तालुक्यातील ज्या वाड्यांचा रस्ता पावसाळ्यात तुटतो, तेथील गरोदर स्त्रियांची यादी जूनपूर्वीच करून प्रसूतीच्या तारखेआधी त्यांची सोय लावावी. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव परिसरात दरडी कोसळून जी जीवितहानी झाली, ती पाहता अशी पूर्वतयारी ही चैनीची बाब नव्हे. पुराच्या पाण्यात उतरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो आणि ताप येताच दाखवावे, हेही कृष्णाकाठच्या गावांना पावसाळ्यापूर्वीच सांगून ठेवावे.

शिक्षकांचे स्थान तर अनन्यसाधारण आहे. जलसंजीवनी कशी तयार करावी, हात केव्हा धुवावेत, साप चावल्यास काय करू नये, हे शाळेत शिकलेले मूल घरी जाऊन आजीला सांगते. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असलेला माणूस आपल्या घरात आहे काय, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी घरी विचारला, तर क्षयरोगाचे निदान लवकर होण्यास साहाय्य होईल. मात्र अशा घराची वर्गात वाच्यता होऊ नये, याची दक्षता शिक्षकांनी घ्यावी.

शिक्षण आणि सेवा यांची सांगड

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. आरोग्यशिक्षण हे सेवेच्या अभावावर पांघरूण घालण्याचे साधन होता कामा नये. रक्तदाबाच्या गोळ्या उपकेंद्रातून घ्या, असे सांगावयाचे आणि तेथे गोळ्याच नसाव्यात, हे योग्य नाही. सर्पदंश होताच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, असे सांगावयाचे आणि तेथे रात्री डॉक्टर नसावेत, तर लोक पुन्हा मांत्रिकाकडे किंवा थेट कराडकडे वळतील. त्यात त्यांचा काहीही दोष असणार नाही. एकदा फसलेला सल्ला पुढील दहा सल्ल्यांवरचा विश्वास घालवितो. म्हणून खालच्या केंद्रातील औषधांचा साठा आणि कर्मचाऱ्यांची उपस्थिती ही आरोग्यशिक्षणाची पहिली अट होय.

१९७८ मध्ये अल्मा-आता येथे भरलेल्या जागतिक परिषदेने लोकांचा सहभाग हा प्राथमिक आरोग्यसेवेचा पाया मानला. सहकाराच्या बळावर साखर कारखाने, दूध संघ आणि पाणीपुरवठा योजना उभ्या करणाऱ्या कृष्णाकाठच्या माणसाला या सहभागाचा अर्थ नव्याने समजावून सांगावयास नको. ऊस कारखान्यात वेळेवर पोहोचला नाही तर त्याचा उतारा घटतो, हे येथील प्रत्येक शेतकरी जाणतो आणि त्यासाठी तोडणीपासून वाहतुकीपर्यंतची व्यवस्था चोख ठेवतो. तशीच व्यवस्था गावापासून रुग्णालयापर्यंत माणसासाठी उभी राहिली, तर कराडच्या रुग्णालयांतील रांग कमी होईल आणि ज्याचा जीव खरोखर धोक्यात आहे, त्याला डॉक्टरांचा वेळ आणि खाट, दोन्ही मिळतील.